दर्याचा सरखेल : कान्होजी आंग्रे

रोह्याच्या उत्तरेस, मेढे गावामागच्या डोंगरावर अवचितगड उभा आहे. पेण तालुक्यात मिरगड आहे. आज या दोन्ही गडांवर रान माजले आहे. गुरे चारणारी मुले आणि सुट्टीच्या दिवशी येणारे गिर्यारोहक सोडले तर तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. मात्र १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ मराठ्यांच्या दोन मातब्बर पुरुषांमध्ये जो करार झाला, त्यातील किल्ल्यांच्या यादीत या दोन्ही गडांची नावे आहेत. करार करणाऱ्यांपैकी एक होते बाळाजी विश्वनाथ पेशवे. दुसरे होते सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचे नाव आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. अलिबागला जाणारा प्रत्येक जण कुलाब्याचा किल्ला पाहतो, गावातील त्यांची समाधीही पाहतो. परंतु त्यांच्या आयुष्याची संगतवार माहिती फार थोड्यांना असते, आणि जी असते ती पुष्कळदा परक्यांनी लिहिलेली. इंग्रजी कागदपत्रांत हा पुरुष चाचा म्हणून नोंदला गेला आणि पुढील दोनशे वर्षे पुस्तकांतून तोच शब्द फिरत राहिला. एखाद्या माणसाला कोणते नाव द्यायचे हे ज्याच्या हाती लेखणी असते तो ठरवतो. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांसमोर कान्होजींचा जीवनपट मांडताना घटना कोणत्या घडल्या आणि त्या घटनांना नावे कोणी दिली, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

जन्म आणि काळ

कान्होजींचा जन्म १६६९ चा मानला जातो. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडील आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले, अशी परंपरा आहे. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाशी त्यांचा संबंध होता. कान्होजींचे बालपण त्यामुळे समुद्राच्या सान्निध्यात गेले. भरती-ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, खडकांच्या जागा आणि खाडीच्या तोंडावरची वाळू यांचे ज्ञान त्यांना कोळी, भंडारी आणि गाबीत खलाशांच्या संगतीत मिळाले असणार. पुढे मोठमोठ्या आरमारांना जे ज्ञान पैशाने मिळाले नाही, ते हेच होते.

त्या काळचा आपला किनारा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. मुंबई बेट १६६८ पासून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होते. रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगिजांकडे होते. मुरुडजवळच्या जंजिऱ्यावर सिद्दी होता आणि तो मोगलांच्या आरमाराचा प्रमुख म्हणून वावरत होता. मराठ्यांचे आरमार शिवाजी महाराजांनी उभे केले. मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांचा विरोध मोडून तटबंद करण्यात आले. या कामात मायनाक भंडारी आणि दौलतखान यांचा मोठा वाटा होता. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याचे काम १६८० मध्ये सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. रोह्याचा माल कुंडलिकेने खाली न्यायचा तर तोंडाशी पोर्तुगिजांचे ठाणे होते. पेण-नागोठण्याचा माल धरमतरच्या खाडीने बाहेर काढायचा तर पुढे उंदेरीवरचा सिद्दी आणि मुंबईचे इंग्रज होते. चार सत्तांच्या तोफा एकमेकींवर रोखलेल्या अशा या चिंचोळ्या पट्ट्यात कान्होजी वाढले.

सुवर्णदुर्गचा शिपाई

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. राजाराम महाराज जिंजीला गेले आणि कोकणातील किल्ल्यांना वरून मदत मिळण्याची आशा संपली. याच धामधुमीत सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला. परंपरेने आलेली हकीकत अशी की, किल्लेदार किल्ला शत्रूच्या स्वाधीन करण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी सोबत्यांना विश्वासात घेऊन त्याला कैद केले, किल्ल्याची सूत्रे हाती घेतली आणि वेढा उठेपर्यंत तो लढवला. तपशिलांत मतभेद आहेत. मात्र त्यानंतर कान्होजींचे नाव किनाऱ्यावर झाले आणि त्यांच्याकडे एकामागून एक जबाबदारी येत गेली, याबद्दल वाद नाही.

आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर १६९८ च्या सुमारास वारले. त्यांच्या मागे सरखेल हे पद कान्होजींकडे आले. त्यांनी कुलाबा हे मुख्य ठाणे केले. कुलाबा किनाऱ्याच्या इतका जवळ आहे की ओहोटीला पायी जाता येते, आणि भरतीला तो पुरता समुद्रात असतो. जमिनीवरून आलेल्या फौजेला काही घटकांतच माघार घ्यावी लागेल आणि खोल तळाच्या मोठ्या जहाजाला खडकांमुळे जवळ येता येणार नाही, अशी ही जागा आहे. उत्तरेस खांदेरी, मध्ये कुलाबा, दक्षिणेस सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग, अशी साखळी त्यांनी पक्की केली. किनाऱ्यावर १७२० मध्ये हिराकोट बांधला. अलिबाग गावाची वाढही त्यांच्याच काळात झाली. अलिबागी रुपया हे चांदीचे नाणे आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाई.

गुराब आणि गलबत

कान्होजींचे यश समजून घ्यायचे तर त्यांची जहाजे समजून घेतली पाहिजेत. युरोपीय युद्धनौका आकाराने मोठ्या असत. त्यांच्या दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असत आणि खोल समुद्रात त्यांना तोड नव्हती. परंतु त्या पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून असत आणि खाड्यांच्या उथळ पाण्यात त्यांना शिरता येत नसे. आंग्र्यांच्या ताफ्यातील मुख्य लढाऊ जहाज म्हणजे गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्या, रुंद पण उथळ तळ आणि पुढे लांब निमुळती नाळ अशी तिची बांधणी असे. नाळेवर समोर तोंड करून दोन वजनदार तोफा बसवलेल्या असत, म्हणजे शत्रूचा पाठलाग करतानाच मारा करता येई. गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतले. त्याला शिडे तर असतच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही असत.

लढण्याची रीत या बांधणीतूनच आली होती. वारा पडला की इंग्रजी जहाज जागच्या जागी खिळत असे. तेवढ्यात खाडीच्या आडोशाला दबा धरून बसलेली गलबते वल्ही मारत बाहेर पडत आणि गुराबांना दोराने ओढून आणत. जहाजाच्या कुशीतल्या तोफा पोहोचणार नाहीत अशा बाजूने, म्हणजे मागून, गुराबा मारा करीत. शिडे आणि डोलकाठ्या निकामी झाल्या की गलबतांतील माणसे चहूबाजूंनी जहाजावर चढत. वारा सुटला आणि मोठे जहाज सज्ज झाले की हाच ताफा उथळ पाण्यात दिसेनासा होई.

लहान, वेगवान आणि एकजुटीने काम करणाऱ्या नौकांनी मोठ्या नौकांना जेरीस आणायचे, ही कल्पना पुढे आधुनिक आरमारांनीही स्वीकारली. विसाव्या शतकातील विनाशिका याच गरजेतून महत्त्व पावली. फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानी विनाशिकांनी रात्री पोर्ट आर्थर बंदरात उभ्या असलेल्या रशियन ताफ्यावर पाणतीर सोडून युद्धाला तोंड फोडले. १९४२ मध्ये पॅसिफिकमधील ग्वाडलकॅनाल बेटावर सैनिक आणि रसद पोहोचवण्याचे काम जपानने रात्रीच्या अंधारात विनाशिकांकडूनच करून घेतले. यंत्रे बदलली आणि पल्ला वाढला. तरी अंधार, उथळ पाणी आणि वेग यांचा उपयोग कमजोर बाजूने कसा करायचा, हा विचार आपल्या किनाऱ्यावर दोन शतके आधी प्रत्यक्षात आलेला होता.

पावसाळ्याच्या आरंभी जहाजे बंदरात ओढून शाकारून ठेवीत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की ती पुन्हा पाण्यात उतरत. डागडुजी आणि नवी बांधणी याच काळात होई. त्यासाठी लागणारे सागवान कोकणातील आणि घाटाखालील रानांतून येत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र विवेचन आहे. सागवान परवानगीने तोडावे, परंतु आंबा-फणसासारखी झाडे रयतेने वर्षानुवर्षे मुलांप्रमाणे वाढवलेली असतात, ती जबरदस्तीने तोडू नयेत, जीर्ण झाड लागलेच तर मालकाला राजी करून आणि मोबदला देऊन घ्यावे, असा आशय त्यात आहे. अशी सूचना लिहून ठेवावी लागली, याचाच अर्थ अशी जबरदस्ती होत असली पाहिजे, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे.

ताफ्यातील माणसे

सरखेलांचे नाव राहिले, परंतु वल्ही मारणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. या ताफ्यात कोळी, भंडारी, गाबीत आणि खारवी होते. मुसलमान दर्यावर्दी होते. कुलाबा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे, शनिवारी काम न करणारे म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे बेने इस्रायलही आंग्र्यांच्या चाकरीत होते. तोफा चालवण्यासाठी युरोपीय गोलंदाजही ठेवले जात. डोंगरी किल्ल्यांच्या मेटांवर आणि पायथ्याच्या चौक्यांवर महार, रामोशी आणि कोळी पहारा देत. मराठी राज्यातील गडांची ही सर्वसाधारण रीत होती. अवचितगड आणि मिरगड याला अपवाद असण्याचे कारण नाही.

तेव्हा या इतिहासात आपले पूर्वज कोठे होते असे कोणी विचारले, तर ते गडाच्या वाटेवर, रात्रीच्या पहाऱ्यात आणि वेठीच्या ओझ्याखाली होते, असे उत्तर द्यावे लागते. समुद्रात एका गलबतात बसणाऱ्यांना एकमेकांच्या हाताची गरज होती, पण किनाऱ्यावर उतरल्यावर जातीची उतरंड जशीच्या तशी होती. ती मोडण्याचे काम त्या राज्याने केले नाही. कान्होजींच्या कर्तृत्वाचा आदर करताना ही गोष्ट झाकून ठेवण्याची गरज नाही. ज्यांच्या श्रमावर ते कर्तृत्व उभे राहिले त्यांची आठवण ठेवल्याने ते लहान होत नाही.

दस्तकाचा वाद

इंग्रजांशी वैराचे मूळ कारण दस्तक हे होते. मराठ्यांच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने ठरलेला कर भरून परवाना घ्यावा, त्या बदल्यात त्याला संरक्षण मिळेल, परवाना नसेल तर जहाज जप्त होईल, ही सरखेलांची व्यवस्था होती. ही कल्पना त्यांनी नव्याने काढली नव्हती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज हिंदी महासागरात हेच करीत होते. त्यांचा परवाना न घेणारे जहाज ते लुटत किंवा बुडवत, आणि त्याला ते समुद्रावरील सार्वभौमत्व म्हणत. पोर्तुगिजांच्या हातचा जो कायदा होता, तो कान्होजींच्या हाती येताच चाचेगिरी ठरला.

खरे चाचे त्या काळी अरबी समुद्रात होते. १६९५ मध्ये सुरतेचे गंज-इ-सवाई हे यात्रेकरूंनी भरलेले मोगल जहाज हेन्री एव्हरी या इंग्रजाने लुटले आणि त्यावरील स्त्री-पुरुषांची विटंबना केली. असे लोक कोणत्याही राजाला जबाबदार नव्हते. कान्होजी मात्र राज्याने नेमलेले अधिकारी होते. ते कर घेत, परवाना देत, तह करीत आणि कैद्यांची अदलाबदल करीत.

भांडणात आणखी एक गुंता होता. कंपनीचे नोकर पगाराखेरीज स्वतःचा खासगी व्यापार करीत. शिवाय हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली नेऊन ते कर चुकवण्यास हातभार लावीत. कंपनीच्या स्वतःच्या मालाला सूट देण्यास कान्होजी तयार होते. इतरांचा माल निशाण बदलल्याने करमुक्त होतो, हे त्यांना मान्य नव्हते. कंपनीचे म्हणणे नेमके उलट होते. पुढील लढायांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हा महसुलाचा प्रश्न आहे.

नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर विल्यम एस्लाबी यांचे शस्त्रसज्ज जहाज आंग्र्यांच्या ताफ्याने पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन त्या चकमकीत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरीन कैदेत पडली. मुंबईत हाहाकार उडाला. शेवटी १७१३ च्या आरंभी तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका झाली आणि दोन्ही पक्षांत समेट झाला. कंपनीच्या जहाजांना कान्होजींनी उपद्रव देऊ नये आणि कंपनीने आपले निशाण इतरांच्या मालावर लावू नये, असे त्याचे सार होते. शोकात असलेल्या स्त्रीला खंडणीसाठी कैदेत ठेवणे आजच्या नजरेने क्रूर वाटते आणि ते क्रूर होतेच. त्या काळच्या युद्धात सर्वच पक्षांनी ही रीत पाळली, एवढेच त्याबद्दल सांगता येते.

दोन गाद्यांमधील निवड

इंग्रजांशी समेट करण्याची घाई कान्होजींना होती, कारण घाटावर त्याहून मोठा पेच उभा राहिला होता. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी राज्यात दोन पक्ष पडले. कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष धरला होता. त्यांनी घाटावर चढून राजमाची आणि लोहगडपर्यंत मजल मारली. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. साताऱ्यावर आंग्रे चालून येतील अशी धास्ती निर्माण झाली.

अशा वेळी नोव्हेंबर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. ते श्रीवर्धनचे, म्हणजे याच किनाऱ्याचे. लढाईपेक्षा बोलणी बरी, हे दोघांनाही पटले. १७१४ च्या आरंभीच्या करारानुसार कान्होजींनी शाहूंची सत्ता मान्य केली, पिंगळ्यांना सोडले आणि राजमाची वगळता घाटावरील जिंकलेले किल्ले परत केले. बदल्यात सरखेलपद कायम झाले आणि दहा किल्ले व सोळा लहान कोट-ठाणी मुलुखासह त्यांच्याकडे राहिली. दहा किल्ल्यांत खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्या जोडीला रोह्याचा अवचितगड होता. सोळा ठाण्यांत सागरगड आणि श्रीवर्धनबरोबर पेणचा मिरगड होता.

कान्होजींच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय माझ्या मते हाच. विजयाच्या शिखरावर असताना त्यांनी घरातील लढाई थांबवली. पाठीमागचा सह्याद्री मित्राच्या हाती असल्याखेरीज समोरचा समुद्र राखता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. पुढील सात-आठ वर्षांत त्याचे फळ मिळाले.

चार स्वाऱ्या

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचे गव्हर्नर झाले. आंग्र्यांचा निकाल लावायचा, या ईर्ष्येने त्यांनी नवी लढाऊ जहाजे बांधली आणि मुंबईभोवती तट उभारला. एप्रिल १७१७ मध्ये त्यांच्या ताफ्याने विजयदुर्गावर हल्ला केला. तोफांच्या माऱ्याचा तटावर परिणाम झाला नाही आणि किनाऱ्यावर उतरलेल्या शिपायांना परतावे लागले. नोव्हेंबर १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला झाला. तेथेही बेटावर उतरण्याचा प्रयत्न फसला. १७२० मध्ये विजयदुर्गासाठी सपाट तळाचा, जाड लाकडी भिंतींचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला गेला. त्याचाही अपेक्षित उपयोग झाला नाही.

मग इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची मदत मागण्यात आली. कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन १७२१ मध्ये मुंबईस आले. गोव्याच्या पोर्तुगिजांशी युती झाली आणि त्यांचे व्हाइसरॉय स्वतः उत्तरेस आले. दोन्ही सत्तांचे मिळून सुमारे सहा हजारांचे सैन्य चौलजवळ जमले आणि डिसेंबर १७२१ मध्ये कुलाब्यावर चालून गेले. आपल्या किनाऱ्यावर तोवर एवढी मोठी युरोपीय फौज एकत्र आली नव्हती.

परंतु १७१४ चा करार आता कामी आला. शाहूंची फौज घाट उतरून आली. पिलाजी जाधव तीत होते, आणि बाजीराव पेशवेही या प्रसंगात उतरले. इंग्रजांनी किल्ल्यावर शिड्या लावून चढाई केली. ती मागे रेटली गेली. मराठी घोडदळ येताना पाहून पोर्तुगीज तुकड्यांची फळी मोडली आणि पाठोपाठ इंग्रजांनाही तोफा-दारूगोळा टाकून हटावे लागले. दोन्ही मित्रांत दोषारोप सुरू झाले आणि मॅथ्यूज यांनी पोर्तुगीज सेनाधिकाऱ्यावर हात उगारल्याची हकीकत इंग्रज लेखकांनीच नोंदवली आहे. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. याच सुमारास बून मुंबई सोडून गेले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तोही अयशस्वी ठरला.

ज्या मोहिमांसाठी एवढा खर्च झाला त्या फसल्याचे कारण कंपनीच्या दप्तरात लिहिताना शत्रूची योग्यता मान्य करण्यापेक्षा त्याला चाचा म्हणणे सोपे होते. चार वेळा ज्याच्यापुढे हार पत्करली तो दरोडेखोर आहे असे एकदा ठरवले की पराभवाची लाज कमी होते. मागाहून आलेल्या ग्रंथकारांनी ते दप्तर जसेच्या तसे उतरवून घेतले.

अखेर आणि वारसा

कान्होजींचे निधन ४ जुलै १७२९ रोजी झाले असे मानले जाते. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी हा किनारा राखला. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही महत्त्वाचा जलदुर्ग शत्रूला घेता आला नाही.

जी दूरदृष्टी कान्होजींनी १७१४ मध्ये दाखवली, ती पुढे कोणाजवळ राहिली नाही. थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि भावांत तेढ पडली. १७३५ मध्ये दौलत दुभागली. मानाजी कुलाब्यास आणि संभाजी दक्षिणेकडील किल्ल्यांवर, अशी वाटणी झाली. संभाजींनंतर आलेले तुळाजी पराक्रमी होते, पण त्यांचे आणि पेशव्यांचे जमले नाही. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. कमोडोर जेम्स यांनी सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचा ताफा जाळला. तुळाजी कैदेत गेले. जवळजवळ चार दशकांच्या प्रयत्नांनी इंग्रजांना जे साधले नव्हते ते आपल्याच माणसांच्या मदतीने साधले. त्यानंतर कोकणच्या समुद्रावर इंग्रजांना अडवणारे आरमार उरले नाही. कुलाब्याची गादी नावापुरती चालू राहिली आणि १८४० च्या सुमारास वारस नाही या सबबीखाली कंपनीने ती खालसा केली.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे हे नाव दिले. ज्या बंदरातून त्यांच्यावर स्वाऱ्या निघाल्या, तेथेच हे नाव आज सन्मानाने घेतले जाते. खांदेरी बेटालाही त्यांचे नाव आहे. १९९९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

वर्गात हा भाग शिकवताना मुले विचारतात की, मग ते चाचे होते की नव्हते. मी त्यांना उत्तर सांगण्याऐवजी तीन प्रश्न लिहून देतो. हा माणूस कोणाच्या नेमणुकीने काम करीत होता? त्याने घेतलेला कर दुसरे कोणी घेत होते का? आणि त्याला चाचा म्हणणाऱ्याचे त्यात काय नुकसान होत होते? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना मुले आपोआप निर्णयापर्यंत येतात. त्यातील काही जण मग चौथा प्रश्न स्वतःहून विचारतात : सर, गलबतातल्या खलाशांची नावे कोठे मिळतील? त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे काम मोठे आहे. जुने कागद, मोडी दप्तरे, गावोगावच्या कोळीवाड्यांतील आणि वाड्या-वस्त्यांतील तोंडी परंपरा हे सारे अजून पुरते धुंडाळलेले नाही. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या आणि पेण-रोह्याच्या गावांत पसरलेल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील वृद्धांशी बोलून एवढी जरी सुरुवात केली, तरी अवचितगड आणि मिरगडाच्या वाटेवर रात्री पहारा देणाऱ्यांपैकी काहींची ओळख पुढच्या पिढीला होऊ शकेल.